पाहुणीचा शनिवार

पहाटे साडेचार

जाग आली. गजर नव्हता, कोणी हाक मारली नव्हती. अठरा वर्षं याच वेळेला येते, ती इथेही आली. दिवेआगरला आमची सुपारीची वाडी आहे आणि वाडीत चार खोल्या. बाहेर 'निवास व न्याहारी'ची पाटी. साडेचारला उठायचं, मोटर लावायची, बंब पेटवायचा. 'काकू, गरम पाणी?' ही हाक यायच्या आत पाणी चटके देणारं हवं. इथे उठून करण्यासारखं काहीच नाही. शेजारच्या खोलीत लेक-जावई गाढ झोपलेले. बाहेर कोंबडे. सातासमुद्रापलीकडच्या कोंबड्यांनाही वेळेचं भान नसतं, अडीचपासून आरवतायत.

लेक टोरांटोला असते. यंदा हिवाळ्यात तिने बोलावलं. हे आले नाहीत. वाडी आणि पाहुणे सोडून दोघांनी एकदम कसं निघायचं? तिथली थंडी आठ दिवसांत माझ्या गुडघ्यात जाऊन बसली, तेव्हा लेकीने हे बेट काढलं. मी म्हटलं, "दिवेआगर सोडून समुद्र बघायला एवढ्या लांब जाऊ?"

"तू समुद्र कधी बघतेस, आई? तू मासळी बघतेस."

खोटं नव्हतं. मग टोरांटोहून विमानाने सेंट व्हिन्सेंट, तिथल्या किंग्जटाउन बंदरातून फेरीबोट, आणि तासाभरात हे बेट. नकाशावर बेक्विया लिहितात, तोंडाने सगळे बेक्वे म्हणतात. सारं मिळून अठरा चौरस किलोमीटर. अक्षांश तेरा, म्हणजे सरळ पूर्वेला निघालं तर मद्रास लागावं.

मोबाइलवर दोन घड्याळं लावून घेतली आहेत. घरी दुपारचे दोन वाजलेत. आज शनिवार, चारही खोल्या भरलेल्या. जेवणाची दुसरी पंगत उठली असेल. ताक पुरलं असेल ना?

पावणेसहा

उजाडायला अवकाश होता, पण व्हरांड्यात आले तर घरमालकीण अंगण झाडत होती. माझ्याच वयाची, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. "गुड मॉर्निंग." मीही म्हटलं. पहिल्या दिवशी मी हे न म्हणता थेट 'वॉटर?' विचारलं होतं, तर तिने शांतपणे "गुड मॉर्निंग" म्हणून माझी वाट पाहिली होती. इथे दुकानात, गाडीत, कुठेही आधी नमस्कार, मग काम. आमच्याकडे मुंबईचे पाहुणे गाडीतून उतरतात ते 'वायफाय आहे का' विचारतच.

झाडून झालं आणि तिने व्हरांड्याच्या कोपऱ्यातलं सिमेंटचं झाकण सरकवलं, आत लांब काठी सोडली, वर काढून ओली खूण बघितली. माझं इंग्रजी 'फिश फ्राय' आणि 'चेक आउट टेन ओ क्लॉक' एवढ्यापुरतं आहे, पण त्या काठीला भाषा लागत नव्हती. मी मे महिन्यात विहिरीवर वाकून अगदी अशीच बघते.

बेटावर नदी नाही. पाणी म्हणजे पावसाचं, आणि पाऊस छपरावर झेलायचा. प्रत्येक घराचं छप्पर स्वच्छ, पत्र्याला चारी बाजूंनी पन्हळ, पन्हळीतून नळी, आणि नळी थेट घराखालच्या टाकीत. घर बांधायचं म्हणजे आधी टाकी, मग भिंती. फेब्रुवारी हा कोरडा महिना, आणि नेमकी बाहेरच्या माणसांची गर्दी याच महिन्यात. पाऊस जूनकडे, तेव्हा पाहुणे नाहीत. आमचंही हेच रडगाणं. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, पागोळ्यांखाली घागर ठेवली तर पाच मिनिटांत भरते, आणि तरी मेमध्ये मी पाहुण्यांच्या आंघोळी मोजत बसते. एवढ्या वर्षांत छपराचं पाणी साठवायचं आम्हाला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पुढच्या वर्षी करू म्हणत राहिलो.

न्हाणीघरात तिने पाटी लावली आहे, पाणी जपून वापरा म्हणून. आमच्याकडे तीच पाटी मराठीत आहे. कोण वाचतं?

साडेसहा

फेरीचा भोंगा. किंग्जटाउनला कामाला जाणारी माणसं, शाळेच्या वयाची दोन मुलं, टोपलीभर काहीतरी. सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे बंदर बराच वेळ सावलीत असतं आणि नांगरलेल्या शिडाच्या होड्यांचे नुसते डोलकाठ्यांचे शेंडे उजळतात. हे बघत बसले. चहाचा कप दुसऱ्या कोणीतरी आणून दिला. धन्यवाद म्हणायचं राहून गेलं, इतकं ते अंगवळणी नाही.

आठ

न्याहारीला नीरफणस! आख्खा फणस विस्तवावर काळा होईपर्यंत भाजून, साल काढून, फोडी करून लोणी लावलेला, सोबत खारवलेला मासा कांदा-टोमॅटोत परतून. जावई म्हणाले, "आई, हे ब्रेडफ्रूट. इथलं खास." मी म्हटलं, "हे आमच्या मागच्या दारी आहे." आम्ही त्याची कापं करतो, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर. विस्तवावर आख्खा भाजायचं मात्र कधी डोक्यात आलं नाही. भाजल्यावर त्याला पावासारखा वास येतो. इंग्रजांनी ते नाव का दिलं ते आज कळलं.

जावयांना अशा गोष्टी सांगायला आवडतात आणि मला ऐकायला. बंड झालेल्या 'बाउंटी' जहाजाचा तो कप्तान ब्लाय. बंड झालं तेव्हा त्याच्या जहाजावर हीच रोपं होती, ताहितीहून निघालेली. ती सगळी समुद्रात गेली. पठ्ठ्याने दुसऱ्या खेपेला पुन्हा रोपं भरली आणि १७९३ साली सेंट व्हिन्सेंटला उतरवली. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोट भरणारं काहीतरी हवं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप. आता हेच इथल्या माणसांचं अभिमानाचं जेवण.

ताटली उचलून मी आत निघाले तर घरमालकिणीने दारातच हात पुढे करून ती काढून घेतली. हसून, पण ठामपणे. स्वयंपाकघरात पाहुण्याला पाऊल टाकू देत नाही ती. मीही देत नाही. एकदा आत आलं की माणूस 'मीठ किती घातलंत' विचारतं.

साडेनऊ

बंदराच्या कडेने पाण्याला चिकटून एक पायवाट जाते. इतकी चिकटून की लाट मोठी आली तर चपला भिजतात. वाटेत देवमाशाच्या हाडांची कमान. इथली माणसं दीडशे वर्षं देवमासा मारत आली आहेत, आणि आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यांना आजही वर्षाला सरासरी चारांची परवानगी ठेवली आहे. मात्र शिडाच्या-वल्ह्यांच्या होडीतून जायचं आणि भाला हाताने फेकायचा. काही वर्षी एकही मिळत नाही म्हणे. लेकीने नाक मुरडलं. मी काही बोलले नाही. आमच्याकडे भरडखोलच्या जेट्टीवर मोरी कापताना तिने लहानपणीही असंच नाक मुरडलं होतं आणि रात्री कालवण ओरपलं होतं.

याच वाटेवर एक जुनं घर आहे, त्याचं हॉटेल झालंय. ते जेम्स मिचेल यांच्या घराण्याचं. मिचेल बेक्वेचेच, पुढे १९८४ ते २००० देशाचे पंतप्रधान होते. त्याआधी १९७२ साली, प्रीमियर असताना, हैतीमध्ये पर्यटनवाल्यांच्या सभेत त्यांनी भाषण केलं, त्याचं नावच होतं 'टू हेल विथ पॅरडाइज'. आपल्या बोलीत, खड्ड्यात गेला तुमचा स्वर्ग. स्वतः हॉटेलवाला, आणि सांगतोय की आमच्या माणसांचं जगणं मोडून येणारा पैसा आम्हाला नको, हळूहळू आणि आमच्या बेताने या. जावई हे सांगत होते आणि मला आमच्या गावातल्या बैठका आठवत होत्या. किनाऱ्यावर घोडागाड्या किती, मोटारबोटी किती, वाळूत गाडी घालणाऱ्याला दंड किती. आमच्यात असं भाषण करणारा अजून कोणी निघालेला नाही. निघाला तर त्याची पाटी आधी काढतील.

टॅक्सीने जायची सोय आहे. छोटा टेम्पो, मागे आडवी बाकं, वर छप्पर, कडेने उघडा. आमचं वडापच, फक्त माणशी एकेक जागा मिळते. पण टेकडी चढून पलीकडे चालत गेलो.

साडेदहा

प्रिन्सेस मार्गारेट बीच. १९५८ साली इंग्लंडची राजकन्या इथे पोहून गेली आणि नाव बदललं. एक आंघोळ केली आणि किनारा नावावर!

तर इथे माझं काम सुरू झालं, म्हणजे पडून राहायचं. दोन खुर्च्या आणि छत्री भाड्याने घेतली. इथला डॉलर अमेरिकेच्या डॉलरला १९७६ पासून बांधलेला आहे, अमेरिकेच्या एकाला इथले दोन डॉलर सत्तर सेंट; म्हणजे इथल्या एका डॉलरला आपले तीसेक रुपये धरायचे. भाडं ऐकून मी मनात गुणाकार केला आणि त्यात आमच्याकडे किती नारळपाणी येईल हेही काढलं. लेक म्हणाली, "आई, हिशेब बंद." खुर्च्या लावणारा पोरगा आम्ही यायच्या आधी कधीचा आला असणार, कारण वाळूवर खराट्याच्या रेघा होत्या. समुद्राने आणून टाकलेलं शेवाळ गोळा करून झाडांमागे ढीग घातला होता. पाहुण्याला वाटतं किनारा असाच असतो.

दहा मिनिटं पडले. मग उठून बसले.

हा समुद्र मला कळत नव्हता. काल याच वेळी पाणी त्या काळ्या दगडाशी होतं, संध्याकाळीही तिथेच, आजही तिथेच. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा. पाहुण्यांना मी तोंडी सांगते, ते मला विदुषी समजतात. ओहोटीला आमचा समुद्र इतका मागे जातो की पाण्यापर्यंत चालताना पोरं कंटाळतात, आणि अमावास्येच्या उधाणाला सुरूच्या मुळाशी येतो. इथे भरती-ओहोटीत फरक किती? जेमतेम हातभर. बेटांच्या माळेमागे कोंडलेला समुद्र, त्याला येण्याजाण्याची घाई नाही.

वाऱ्याचंही तेच. आमच्याकडे दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो, रात्री मतलई जमिनीवरून सुटतो; होडीवाल्याचा दिवस त्यावर चालतो. इथे वारा एकच, पूर्वेकडून, दिवसरात्र. शाळेत 'व्यापारी वारे' पाठ केले होते, ते हेच. अटलांटिकच्या अंगाचा किनारा या वाऱ्याने खवळलेला आणि ही बाजू डोंगराच्या आडोशाने तळ्यासारखी. घरचा तो खळखळाट नसल्यामुळे मला झोप येत नसावी. आवाजाशिवाय समुद्र म्हणजे पंखा बंद पडल्यासारखं वाटतं.

पाण्यात मात्र उतरले. पंजाबी ड्रेसमध्ये, लेकीचा हात धरून, गळ्यापर्यंत. किनाऱ्यावर जन्म काढला आणि गळ्यापर्यंत पाण्यात शेवटची कधी गेले होते? लग्नाआधी बहुतेक. पाय दिसत होते, पायाची नखंसुद्धा. जावई डोळ्यांना काच लावून बुड्या मारत होते. वर येऊन म्हणाले, "पोपटमासा! पोवळी कुरतडतोय." इथली बरीचशी वाळू म्हणजे या माशाने पोवळी खाऊन मागे टाकलेला चुरा. लेक किंचाळली. मी इतकी हसले की खारं पाणी नाकात गेलं.

बाहेर आल्यावर सावलीसाठी एका झाडाकडे वळले, तर खुर्चीवाल्या पोराने लांबूनच ओरडून हात हलवले. मँचनील. हिरवी, लहान सफरचंदासारखी फळं, पण चीक अंगावर पडला तर फोड उठतात. पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही, आणि फळ तर तोंडालाही लावायचं नाही. मी त्याला खुणेने सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे बिब्बा असतो, तोही असाच उततो. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली आणि माझी खुर्ची दुसऱ्या झाडाखाली नेऊन ठेवली. पैसे न घेता.

साडेबारा

जेवायला रोटी. पाटीवर असंच लिहिलेलं, रोटी. मोठी मऊ पोळी, आत बटाटा आणि कोंबडीचा रस्सा, चौकोनी पुडीसारखी घडी. हळद आहे, जिरं आहे, तिखट नाही. १८६१ च्या जूनमध्ये मद्रासहून पहिलं जहाज सेंट व्हिन्सेंटला लागलं, आणि पुढची वीसेक वर्षं उसाच्या मळ्यांसाठी करारावर माणसं येत राहिली. सुमारे अडीच हजार. त्यांची भाषा इथे ऐकू येत नाही. पोळी राहिली. लाटणारणीचा हात मात्र मला ओळखीचा वाटला; कडेला जाड आणि मध्ये पातळ अशी फिरवत होती, म्हणजे गर्दीची वेळ होती.

दोन

सगळे झोपले. मी नाही.

मागच्या दारी घरमालकीण पायरीवर बसून शेंगा सोलत होती. जवळ गेले तर ओली तूर! भातात घालतात इथे. मी न विचारता तिच्या शेजारी बसले आणि एक मूठ उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघर उंबऱ्याच्या आत होतं आणि आम्ही बाहेर, तेव्हा नियम मोडत नव्हता. टोपली तिने मध्ये सरकवली.

बराच वेळ नुसत्या शेंगा. मग तिने दक्षिणेकडे हात करून सांगितलं, बहीण युनियन बेटावर असते. तेही याच ग्रेनाडीन्स बेटांच्या माळेतलं, इथून लांब नाही. २०२४ च्या १ जुलैला बेरिल वादळ आलं तेव्हा त्या बेटावरची बहुतेक घरं गेली. बेक्वे कडेला होतं, थोडक्यात निभावलं. बहीण मुलांना घेऊन होडीने इकडे आली आणि या माझ्या खोलीत चार महिने राहिली.

"रूफ?" मी विचारलं.

"गॉन." आणि मग तिने बोट खाली जमिनीकडे केलं. छप्पर गेलं म्हणजे पाणीही गेलं, हे मला उशिरा उमगलं. पावसाळा सुरू, आभाळ रोज गळतंय, आणि झेलायला काही नाही.

मी तिला ३ जून २०२० सांगितलं. निसर्ग वादळ. तारखेची इंग्रजी जुळवाजुळव करायला वेळ लागला, पण बाकीचं हातांनी सांगितलं. सुपाऱ्या कशा आडव्या झाल्या, एकीवर एक, काड्यापेटी सांडल्यासारख्या. नारळ मुळासकट. वाडीत उभं राहिलं की समुद्र दिसत नसे, त्या दिवसापासून दिसायला लागला. पाहुण्यांना ते आवडलं. 'आता सी व्ह्यू आहे' म्हणाले. हे वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं, कारण ते इंग्रजीतच होतं. ती आधी थांबली, मग पोटावर हात धरून हसली. मीही हसले. पाच वर्षांत त्या वाक्यावर पहिल्यांदाच.

नवीन सुपारी धरायला किती वर्षं, तिने विचारलं. मी पाच-सहा बोटं दाखवली. नारळ? तेवढीच, कधी जास्त. तिने आपल्या बहिणीच्या घरासाठी एक बोट वर केलं आणि मग ते हलवून दुसरं अर्धं वर केलं. छप्पर आलंय, पन्हळ राहिलीय.

टोपली संपली. तिने सालं उचलली, मी दाणे. उंबऱ्याशी तिने हात पुढे केला आणि भांडं घेतलं.

साडेचार

शंख वाजला. मी दचकून उभी राहिले, हात जोडायच्या बेतात. आमच्या कानाला शंख म्हणजे आरती. इथे शंख म्हणजे मासळी आली. मोठ्या शंखाचं टोक कापून भोक पाडतात आणि होडीवाला फुंकतो की ज्यांना हवंय ते खाली येतात. घरमालकीण पातेलं घेऊन निघाली, मी तिच्यामागे, आणि माझ्यामागे लेक, "आई, तू कुठे चाललीस" करत. तांबोशी होती, सुरमईच्या जातीचा एक लांब मासा होता, आणि बांगड्याएवढी काही चंदेरी मासळी. कल्ला उचलून बघितला, लालभडक. घरमालकिणीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिने ती घेतली. दिवसातलं माझं दुसरं काम.

पावणेसहा

पाण्याच्या कडेला सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसतात, हातात पेला. सूर्य बुडताना शेवटच्या क्षणी हिरवी चमक दिसते म्हणतात, क्षितिज अगदी स्वच्छ असलं तर. आमचाही समुद्र पश्चिमेला. पण त्या वेळी मी कांदा चिरत असते. चमक दिसली नाही. ढग होता. इतके दिवस न बघितलेले सूर्यास्त आठवून वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. छान होता. काळोख मात्र भसकन पडतो.

सात

जेवणात दुपारच्या शेंगांचा तुरीचा भात, ती चंदेरी मासळी, आणि अळूच्या पानांची दाट आमटी. ते तिला कॅलालू म्हणतात. आंबटपणा नाही, चिंच घालावी असं सारखं वाटत होतं. बोलले नाही.

फोन वाजला. घरी रविवारचे साडेचार.

"अगं, तांदळाची पिठी कुठे ठेवलीस? मोदकांची."

"फडताळात, खालच्या खणात, निळ्या झाकणाचा डबा. वरचा घेऊ नका, ती भाकरीची आहे."

"आणि नारळ किती खवू?"

"माणसं किती?"

"अकरा."

"सहा खवा. मोटर लावलीत?"

"लावली. तू काय केलंस आज?"

"तुरी सोलल्या."

"तिथे जाऊन?" ते थोडा वेळ गप्प होते. "बरं, बंब धुमसतोय. ठेवतो."

फोन ठेवला तेवढ्यात फाटकाशी दिवे चमकले. संध्याकाळच्या फेरीने आलेले नवे पाहुणे, दोघं तरुण, पाठीवर पिशव्या. घरमालकीण विजेरी घेऊन पुढे झाली. "गुड नाइट," ती म्हणाली. इथे तो निरोप नसतो, काळोख पडल्यावरचा नमस्कार असतो. ते गोंधळले. तिने थांबून वाट पाहिली. मग त्यांनीही म्हटलं. खोली दाखवली, किल्ली दिली, न्हाणीघराच्या पाटीवर विजेरीचा झोत टाकला. आणि ती व्हरांड्यात माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली, दिवसभरात पहिल्यांदा.

आत नळ सुरू झाला. भरपूर सोडलेला, जोरात. ती बोलली नाही, मीही नाही. नळ बंद व्हायची आम्ही दोघी वाट बघत होतो.